भरभर वाचायचंय, पण कळलंही पाहिजे : अभ्यासिकेत नव्याने बसणाऱ्यांसाठी

सोलापुरात, साखर पेठेतल्या आमच्या घरी दुपारी विड्या वळायला चार-पाच बायका जमायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. तिसरीत असल्यापासून माझं काम ठरलेलं, पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि पेपरही मराठी. एखादा शब्द अडला की अम्मा सुपातून मान वर न करता म्हणायची, "पुन्हा वाच, नीट." मी ओळ पहिल्यापासून वाचायचे. दहा-बारा वर्षं असं वाचल्यावर माझ्या डोळ्यांनी तोंडाच्या पुढे जाणं सोडूनच दिलं होतं.

हे कळलं थेट परीक्षेत. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे आकलन आणि तर्क तपासणाऱ्या सीसॅटमध्ये, ८० प्रश्न आणि २ तास. त्यातले साधारण पन्नास प्रश्न उताऱ्यांवर. घंटा झाली तेव्हा माझे सहा उतारे झाले होते. पेपर फक्त पात्रतेचा, ३३ टक्के पुरतात, तरी मी बाहेर. त्यानंतर मी सगळ्या चुका ओळीने केल्या. तुम्ही त्या करू नयेत म्हणून हे लिहितेय. सीसॅटवाले, बँकेची तयारी करणारे, ऑफिसात फायलींखाली दबलेले, सगळ्यांना चालेल.

आधी एका सापळ्याबद्दल

पेपरानंतर मी एका क्लासला साडेचार हजार रुपये भरले. "मिनिटाला हजार शब्द", "पान एका नजरेत" असं फलकावर होतं. तिथे पानावरून बोट नागमोडी फिरवायला शिकवलं. शेवटच्या दिवशी मी तीस पानं नऊ मिनिटांत 'वाचली'. घरी येताना कन्ना चौकात रिक्षात बसून आठवायला लागले, पुस्तक कशाबद्दल होतं? एवढंच आठवलं की त्यात एक घोडा होता.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी १९५९ मध्ये अशा शिकवण्या सुरू केल्या, तेव्हापासून बोट फिरवणं चालूच आहे. पान एका नजरेत का वाचता येत नाही, ते घरबसल्या तपासता येतं. पुस्तक उघडा. एका ओळीतल्या मधल्या शब्दाखाली बोट ठेवा आणि नजर तिथेच रोखून त्याच ओळीतला शेवटचा शब्द वाचून बघा. काळं काहीतरी आहे एवढंच कळेल. डोळ्याचा जो भाग बारीक अक्षर स्पष्ट पाहतो तो फक्त सुमारे दोन अंशांचा असतो. हात लांब करून अंगठा धरलात तर त्याच्या रुंदीएवढा. पुस्तकाच्या अंतरावर हे जेमतेम दीड सेंटिमीटर होतं, म्हणजे मराठीचा एखाद-दुसरा शब्द. नजर ओळीवरून सरकत जात नाही, टुणटुण उड्या मारते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत हे लक्षात आलं. बहुतेक शब्दांपाशी साधारण पाव सेकंद थांबा आणि मग पुढची उडी. अक्षर कळतं ते थांब्यावर. तेव्हा पान एका नजरेत पाहणारा माणूस पान बघतो, वाचत नाही.

मग वेग वाढतच नाही का? वाढतो. माझा दीडपट झाला. पण तो बोटाने वाढला नाही.

लागणारं सामान

जुनी वर्तमानपत्रं किंवा मासिकं, मोबाइलचं स्टॉपवॉच, शिसपेन्सिल, शंभर पानी वही, पोस्टकार्डाएवढा जाड कागद. सोपं वाचायला 'किशोर'चे जुने अंक घ्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक नेटवर फुकट आहेत. लहान मुलांचं म्हणून नाक मुरडू नका. हातात धरून वाचायचं असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा. पैसे भरून घेण्यासारखं या यादीत काहीच नाही.

१. डोळे तपासून घ्या

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळली होती. मला ध आणि घ, भ आणि म यांत गोंधळ व्हायचा. या जोड्यांमधला मोठा फरक शिरोरेघेतल्या फटीचा. माझ्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर होता, त्यामुळे आडव्या रेघा पसरून दिसायच्या आणि ती फटच बुजायची. 'भर' की 'मर' हे मी पुढच्या शब्दावरून ठरवायचे, म्हणजे प्रत्येक वेळी पुढे जाऊन मागे. तीन वर्षं मी याला 'माझं लक्ष लागत नाही' म्हणत होते. चष्मा लागला आणि पहिल्या आठवड्यातच ओळ चुकायची थांबली.

चाळिशीच्या आसपास असाल तर हे आणखी महत्त्वाचं. पेपर हात लांब करून वाचत असाल, तर वेगाचं नंतर बघू.

२. आजचा खरा वेग मोजा

आधी न वाचलेला, मध्यम अवघड लेख घ्या. दहा ओळींतले शब्द मोजा आणि दहाने भागा, एका ओळीत सरासरी किती शब्द ते मिळेल. तीन मिनिटांचा गजर लावून नेहमीसारखं वाचा. गजर झाला की थांबलात तिथे रेघ मारा आणि ओळी मोजा.

माझा पहिला हिशेब वहीत अजून आहे. ओळीला ८ शब्द, ४२ ओळी, एकूण ३३६ शब्द, म्हणजे मिनिटाला ११२.

आता लेख उलटा ठेवा. शेजारच्याला त्यावर पाच प्रश्न काढायला सांगा आणि न बघता उत्तरं द्या. माझी तीन बरोबर आली. ११२ला तीनाने गुणून पाचाने भागलं, उरले ६७. वहीत हाच आकडा लिहायचा. अम्मा विड्यांचा हजार कारखान्यात द्यायला जायची तेव्हा मोजणारा नीट न वळलेल्या बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. न कळलेल्या शब्दांचा हिशेब तसाच ठेवा.

एक सावधगिरी. इंग्रजीचे आकडे बघून खचू नका. बेल्जियमचे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी आहे, मोठी माणसं इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनात वाचतात ते मिनिटाला सुमारे २३८ शब्द, आणि मोठ्याने वाचतात ते १८३. पण इंग्रजीत 'बाजारातल्यांनासुद्धा' म्हणायला पाच-सहा शब्द लागतात, आपण ते एकात बसवतो. विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळी चिकटलेली. मराठीचा शब्द लांब, म्हणून मिनिटातली संख्या कमीच येणार. तुलना फक्त तुमच्या मागच्या आठवड्याशी करा.

३. ओठ थांबवा, आतला आवाज राहू द्या

आमच्या पेठेत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट, त्यात मी पुटपुटते हे कुणाला कधी ऐकूच गेलं नाही. पार्क चौकाजवळच्या अभ्यासिकेत दुसऱ्याच दिवशी शेजारची मुलगी वळून म्हणाली, "ताई, जरा मनात वाचा ना." मी मनातच वाचतेय अशी माझी समजूत होती!

ओठ किंवा जीभ हलत असेल तर वेग बोलण्याच्या वेगाला बांधलेला राहतो. तपासायला गळ्यावर दोन बोटं ठेवून वाचा, थरथर लागते. थांबवायला मी दातांत शिसपेन्सिल धरून वाचायचे. दिसतं वाईट, पण तीन आठवड्यांत सवय गेली.

मात्र 'मनातला उच्चारही बंद करा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सोप्या मजकुरात तो आपोआप अर्धवट होतो. अवघड वाक्यात तोच आवाज वाक्याचं पहिलं टोक धरून ठेवतो. मी तो दाबायला मनात एक-दोन-तीन मोजत वाचायचे, क्लासचाच सल्ला होता. अंक छान पाठ झाले.

४. मराठी वाक्याची शेपटी पकडा

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

मराठीत निकाल वाक्याच्या शेवटी लागतो. क्रियापद शेवटी आणि 'नाही'ही शेवटी. हे वाक्य बघा :

"ज्या शेतकऱ्यांनी मुदतीत अर्ज केले आहेत, परंतु ज्यांच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही, अशांना पंचनामा झाला असला तरी या योजनेचा लाभ देता येईल असे समजण्याचे कारण नाही."

घाईत वाचणारा 'लाभ देता येईल' इथे पोचतो, त्याला कळल्यासारखं वाटतं आणि नजर पुढच्या ओळीवर जाते. सगळा अर्थ उलटा. माझ्या चुकलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक चुका अशाच शेपटीत झालेल्या निघाल्या. वाचन संथ होण्याचं कारणही हेच. वाक्य लांबलं की शेवटी क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरतो आणि आपण मागे जातो.

मी काय केलं ते सांगते. लांब वाक्य दिसलं, समजा दोन ओळींपेक्षा मोठं, की नजर आधी पूर्णविरामाकडे टाकायची. शेवटचे तीन-चार शब्द बघायचे. 'कारण नाही', 'बंधनकारक राहील', 'असा आक्षेप घेतला जातो'. निकाल कळला, आता पहिल्यापासून वाचा. हे उलटं वाटेल, पण मागे जाणं एवढं कमी होतं की एकूण वेळ वाचतो. सुरुवातीला पेन्सिलने शेवटच्या शब्दांखाली रेघ मारत होते, महिन्याभरात रेघेची गरज संपली.

दुसरी खूण सांध्यांची. 'मात्र', 'परंतु', 'याउलट', 'तरीही' दिसलं की त्यावर छोटा त्रिकोण. लेखकाचं स्वतःचं म्हणणं बहुतेक वेळा त्रिकोणानंतर येतं, आधी येतं ते दुसऱ्याचं. उताऱ्यावर 'लेखकाच्या मते' असा प्रश्न आला की सरळ त्रिकोणांकडे जायचं.

५. मागे जाणं कमी करा, बंद करू नका

जाड कागद वाचून झालेल्या ओळींवर ठेवत खाली सरकवा. खालच्या ओळींवर नाही, वरच्या! खालच्या झाकल्या तर नजरेला पुढचं काहीच दिसत नाही. यातून कळतं की आपण कितीदा उगाचच मागे बघतो, निव्वळ धाकधुकीने. माझ्या कानात अजून अम्माचं "पुन्हा वाच" होतं.

पण इंग्रजी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांची नोंद घेतली तेव्हा चांगल्या वाचकांच्याही साधारण १० ते १५ टक्के उड्या मागे जाणाऱ्याच निघाल्या. काही निसटलं असेल तर मागे जाणं बरोबरच आहे. म्हणून कागद दोन आठवडे वापरा आणि ठेवून द्या.

६. शब्द आणि विषय वाढवा

एकदा मी दोन सारख्या लांबीचे लेख वाचले, एक यंत्रमागाच्या सुताच्या भावावर आणि एक रेपो दरावर. पहिला चार मिनिटांत झाला, सगळा कळला. दुसऱ्याला अकरा मिनिटं लागली आणि तरी अर्धा डोक्यावरून गेला. डोळे तेच, खुर्ची तीच. सूत, बीम, चादरीची ऑर्डर हे माझ्या घरातलं होतं, पुढचं वाक्य काय असणार हे मला आधीच ठाऊक असायचं. 'चलनवाढ', 'तरलता' यांना मी पहिल्यांदा भेटत होते.

वेगाचा मोठा वाटा इथे आहे, आणि क्लासवाले नेमकं हेच सांगत नाहीत, कारण ते आठ दिवसांत होत नाही. आठवड्याला एक विषय धरा. पाणी, बँक, न्यायालय, शेती, आरोग्य. त्या विषयाचं आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकातलं प्रकरण आधी वाचा, मग मराठी विश्वकोशातली नोंद, मग पेपरातला लेख. विश्वकोशही नेटवर फुकट आहे, भाषा जरा जड आहे, पण तीच आपल्याला हवी आहे. अडलेले शब्द वहीत वाक्यासकट लिहा. सुट्या शब्दाची यादी करू नका, ती परत कुणी वाचत नाही.

आमच्यासारख्या तेलुगू, कन्नड, दखनी उर्दूच्या घरांतून आलेल्यांना एक सांगायचंय. बोलीतली मराठी पक्की असते, पण 'तथापि', 'अन्यथा', 'यथावकाश' हे शब्द आपण कधी कुणाच्या तोंडून ऐकलेले नसतात. असे शे-दीडशे शब्द पक्के केले की सरकारी मराठी निम्मी सोपी होते. माझी यादी १३० वर थांबली.

७. मजकूर बघून गिअर बदला

मोकळ्या विजापूर रोडवर आणि गर्दीच्या नव्या पेठेत गाडी एकाच गिअरमध्ये चालत नाही.

पेपर : मथळा, पहिला परिच्छेद, बस. बातमीचा जीव तिथेच असतो. 'संचार'मधल्या स्थानिक बातम्या मी अशाच पाच मिनिटांत संपवते. अग्रलेखाला वेगळा वेळ.

शासन निर्णय : वरून खाली वाचू नका. विषय बघा, मग 'वाचा' आणि 'प्रस्तावना' ओलांडून थेट 'शासन निर्णय' या शीर्षकाखाली उतरा. तिथे काय ठरलं ते कळेल, नंतर गरज पडली तरच प्रस्तावना. मी आता ज्या कार्यालयात आहे तिथे माझी फाईल लवकर हलते ती एवढ्याशा युक्तीने.

पाठ्यपुस्तक : आधी उपशीर्षकं आणि प्रकरणामागचे प्रश्न वाचा, मग मजकूर. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये हीच पद्धत मांडली होती : चाळा, प्रश्न काढा, वाचा, आठवून सांगा, उजळणी करा. घोकंपट्टीपेक्षा फार बरी.

कविता : हे सगळं विसरा.

८. पुस्तक मिटून सांगा

दोन पानं झाली की मिटा आणि तीन वाक्यं वहीत लिहा. आठवत नसेल तर दोन मिनिटं झगडा, लगेच उघडू नका. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून बघणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

मी वहीऐवजी बऱ्याचदा अम्मालाच सांगायचे, तेलुगूत. मराठीत वाचलेलं दुसऱ्या भाषेत सांगायचं म्हणजे शब्द उचलून ठेवता येत नाहीत, अर्थच न्यावा लागतो. घरात दोन भाषा असतील तर याचा फायदा घ्या.

९. रोजचं गणित

रोज ४० मिनिटं. पहिली १० सोप्या मजकुरावर, नेहमीपेक्षा किंचित ओढून वाचायचं. पुढची २० विषयाच्या लेखावर, त्रिकोण आणि शेपटीसकट. शेवटची १० आठवून लिहायला. मोजमाप फक्त रविवारी. रोज मोजलं की माणूस आकड्यामागे धावतो आणि मजकूर राहून जातो, मी केलंय.

एप्रिल-मेमध्ये पहाटे बसा. पारा चाळिशीपार गेल्यावर दुपारी पत्र्याखाली कुणाचाच वेग वाढत नाही. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत चार सुट्ट्या आधीच धरा, नाहीतर अपराधी वाटत फिराल.

तीन महिन्यांनी माझा आकडा : मिनिटाला १६८, पाचपैकी चार बरोबर, म्हणजे १३४. त्यानंतर तो हळूहळूच सरकला. हजार कधी झाला नाही.

१०. परीक्षेतल्या उताऱ्यांचं

एक हिशेब मला उशिरा सुचला. ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात. साडेतीनशे शब्दांचा उतारा माझ्या जुन्या ११२च्या वेगानेही तीन मिनिटांत व्हायला हवा होता. मग अकरा मिनिटं कशी जायची? प्रत्येक प्रश्नाला मी अख्खा उतारा परत वाचत होते.

म्हणून आता क्रम असा : आधी पाच प्रश्न वाचा, त्यांचे पर्याय वाचू नका. मग उतारा एकदाच, समासात परिच्छेदाला एक-एक शब्द लिहीत : 'कारणं', 'आक्षेप', 'उपाय'. प्रश्नाकडे आलात की समास बघून त्याच परिच्छेदात परत जा. मराठी वाक्य भाषांतरासारखं अडकलं तर तोच उतारा बहुतेक वेळा इंग्रजीतही छापलेला असतो, तेवढं एक वाक्य तिकडे बघून घ्या. दोन पर्यायांत अडलात तर 'सर्व', 'केवळ', 'नेहमीच' असला शब्द कुठल्यात आहे ते बघा, बऱ्याचदा तोच चुकीचा निघतो. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग वजा होतो, हे लक्षात असू द्या.

११. जिथे वेग चालत नाही

कर्जाचे कागद, भाडेकरार, औषधाच्या चिठ्ठ्या, पोलिसात दिलेला जबाब. इथे बोट ठेवून, ओठ हलवून, तिसरीतल्या पोरीसारखं वाचा. वेग नवा नवा वाढला होता तेव्हा मी एका अभ्यासिकेचा अर्ज उभ्या उभ्या वाचून सही केली. पाचशे रुपये अनामत. दोन महिन्यांनी सोडताना पैसे मागितले, तर त्यांनी अर्ज समोर ठेवला : 'सहा महिन्यांच्या आत जागा सोडल्यास अनामत रक्कम परत केली जाणार नाही.' मी 'परत केली' पर्यंत वाचलं होतं.